ग्राफिक्स पारखायचे तर पायांकडे बघा

मी गोरेगावच्या एका स्टुडिओत रोटो करते, म्हणजे फ्रेममागून फ्रेम माणसांच्या कडा कापत बसते. त्यामुळे सुट्टीत भाचरं हॉलिवूडची धमाल लावतात आणि ‘मावशी, हे खरं का गं?’ विचारतात. त्यांना जे शिकवलं तेच इथे सांगते.

आधी टीव्हीचं मोशन स्मूदिंग बंद करा. सिनेमा सेकंदाला 24 फ्रेमचा. टीव्ही मधल्या फ्रेम स्वतःच्या मनाने घुसडतो आणि चांगल्या कामालाही डेली सोपची कळा येते. टीव्हीच्या सेटिंगमध्ये ‘फिल्ममेकर मोड’ असेल तर तोच लावा, त्यात हे स्मूदिंग बंदच असतं.

आता ‘द जंगल बुक’ (2016) काढा. मोगलीचं काम करणारा मुलगा खरा. प्राणी आणि जवळजवळ सगळं जंगल कॉम्प्युटरवरचं. चित्रीकरण लॉस एंजेलिसमध्ये झालं. तोंडं बोलताहेत तिकडे बघू नका, पाऊल टेकतं तिथे बघा. तळव्याखाली बारीक गडद सावली हवी, गवत दबायला हवं, पाणी हलायला हवं. सावली चुकली की प्राणी अधांतरी तरंगतो. आमच्याकडे म्हणतात, शॉट बसला नाही. मग मोगली बाळू अस्वलाच्या केसांत हात घालतो तिथे थांबवा: काही केस बोटांवरून आलेत का? ही जागा सगळ्यात किचकट, रात्री जागवणारी.

पुढचं वजन. धूड जेवढं मोठं, तेवढं ते सावकाश वळायला हवं. अनेक सिनेमांत दहा मजली यंत्रमानव मांजरीच्या पिल्लासारखा गर्रकन वळतो आणि तिथेच खेळण्यातला वाटू लागतो.

काळा रंगही तपासा. लांबच्या डोंगरातला काळा हवेमुळे फिका पडतो. त्याच अंतरावरचा राक्षस कोळशासारखा काळाकुट्ट दिसला, तर तो वरून चिकटवलेला.

‘जुरासिक पार्क’ (1993) अजून का टिकलाय, तेही याच नजरेने कळतं. पावसातला टी-रेक्स डायनासोर अख्खा चालतो तेव्हा तो कॉम्प्युटरचा. डोकं गाडीशी भिडतं तेव्हा बहुतेक वेळा स्टॅन विन्स्टन यांच्या चमूने बांधलेलं पूर्ण आकाराचं यंत्र. अदलाबदल नेमकी कुठे होते ते पॉज करून शोधा. अंधार नि पाऊस बरंच झाकून नेतात, ही त्यांची हुशारी. आजकाल भर उन्हात शंभर प्राणी पळवतात नि प्रेक्षक जांभया देतो.

शेवटी तोच प्रसंग आवाज बंद करून लावा. धप्प आवाजाने जड वाटणारं पाऊल कधीकधी अगदीच हलकं निघतं.

हे सगळं मात्र दुसऱ्या खेपेला. पहिल्यांदा पोरं रंगात आलेली असताना रिमोट हिसकावलात, तर माझं नाव सांगू नका.