स्पोर्ट्स आणि ईस्पोर्ट्सच्या इंटरनॅशनल मॅनेजमेंटमध्ये घुसायचं कसं

आपल्याकडे खेळात करिअर म्हटलं की दोनच चित्रं डोळ्यासमोर येतात, एक तर पोरगा खेळाडू होणार नाहीतर पीटीचा सर होणार. मधली जी अख्खी फौज असते, स्पर्धा भरवणारी, टीव्हीचे हक्क विकणारी, खेळाडूंचे व्हिसा काढणारी, नियम लिहिणारी, त्यांच्याबद्दल कोणी सांगतच नाही. हे लिहितोय ते त्याच लाईनमध्ये यायचं असलेल्यांसाठी. गेम खेळता येणं कंपल्सरी नाही. रात्री दीडला आलेल्या ईमेलला शांत डोक्यानं उत्तर देता येणं मात्र आहे.

सगळ्यात आधी या खेळाचा मालक कोण ते शोधा, कारण पुढचं सगळं करिअर त्यावर ठरतं.

खो-खोचा मालक कोणी नाही. तुमच्या शाळेच्या ग्राउंडवर तुम्ही कधीही खेळू शकता, पण नॅशनल, वर्ल्ड कप, ‘भारताचा संघ’ हे शब्द वापरायचा हक्क फेडरेशनकडे असतो, जिल्हा, मग राज्य, मग देश, मग आंतरराष्ट्रीय अशी उतरंड. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत पहिला खो-खो वर्ल्ड कप झाला, वीसहून जास्त देश आले, पुरुष आणि महिला दोन्ही कप भारतानं घेतले, प्रतीक वाईकर आणि प्रियांका इंगळे दोघंही कॅप्टन आपल्या महाराष्ट्राचेच. पण विचार करा, तितक्या देशांत आधी संघटना उभ्या कराव्या लागल्या असणार, त्यांना एकच नियमपुस्तक द्यावं लागलं असणार, तिकिटं, हॉटेलं, अंपायर, मॅट. हे काम करणारा माणूस म्हणजे स्पोर्ट्स एक्झिक्युटिव्ह.

ईस्पोर्ट्समध्ये, म्हणजे व्हिडिओ गेमच्या स्पर्धांच्या जगात, उलटं आहे, इथे खेळाला मालक असतो आणि तो कंपनी असतो. बीजीएमआय (पबजी मोबाईलचं भारतातलं व्हर्जन) क्राफ्टनचा, व्हॅलोरंट आणि लीग ऑफ लेजंड्स रायटचे, काउंटर-स्ट्राइक व्हॉल्वचा. पब्लिशरनं, म्हणजे गेम काढणाऱ्या या कंपनीनं, लायसन्स दिलं नाही तर तुम्ही बक्षिसाची मोठी स्पर्धा भरवू शकत नाही, आणि फेडरेशन कितीही असली (जागतिक संघटना म्हणवणाऱ्याच एकापेक्षा जास्त आहेत, कोरियातून २००८ साली सुरू झालेली एक, सिंगापूरची २०१९ सालची दुसरी) तरी शेवटचा शब्द पब्लिशरचा. वर सरकार असतंच. २०२२ च्या जून-जुलैत बीजीएमआयची स्पर्धा थेट स्टार स्पोर्ट्सवर दाखवली, सगळे खूष, आणि ती संपून दोन आठवडेसुद्धा झाले नव्हते तर सरकारच्या आदेशानं गेमच प्ले स्टोअरवरून गायब. परत यायला मे २०२३ उजाडला. त्या मधल्या काळात ज्यांचा पगार फक्त त्या एका गेमवर होता त्यांचं काय झालं असेल ते समजून घ्या. म्हणून पहिला नियम, एका गेमला चिकटू नका, कामाला चिकटा. ब्रॉडकास्ट येत असेल तर आज बीजीएमआय, उद्या बुद्धिबळ, परवा कबड्डी.

या दोन जगांचं लग्न लावणं हेच सध्या सगळ्यात अवघड आणि सगळ्यात इंटरेस्टिंग काम आहे. उदाहरण देतो. हांगझोच्या एशियन गेम्समध्ये, त्या झाल्या २०२३ मध्ये, ईस्पोर्ट्सला पहिल्यांदा खरी पदकं मिळाली, सात गेम होते. त्यातला पबजी मोबाईल तुम्ही फोनवर खेळता तो नव्हताच. एकमेकांना गोळ्या घालणं बंद, टीमनं गाडीतून ठरलेल्या रस्त्यानं जायचं आणि वाटेत टार्गेट उडवायची, असं वेगळं व्हर्जन खास बनवलं, कारण ऑलिंपिकवाल्या मंडळींना माणसं मारणारा गेम चालत नाही. आता त्या मीटिंगची कल्पना करा. एका बाजूला एशियन ऑलिंपिक कौन्सिल, दुसऱ्या बाजूला एशियन ईस्पोर्ट्स फेडरेशन, तिसरीकडे पब्लिशर आणि त्याचे वकील, आणि प्रत्येकाला आपलंच बरोबर वाटतंय. दोन्हीकडची भाषा कळणारी माणसं फार कमी आहेत, आणि जागा तिथेच आहे.

हे जमत नाही तेव्हा काय होतं तेही बघा. इंटरनॅशनल ऑलिंपिक कमिटीनं २०२४ मध्ये सौदीबरोबर बारा वर्षांचा करार जाहीर केला, ऑलिंपिक ईस्पोर्ट्स गेम्स होणार म्हणून, पहिली स्पर्धा रियाधला २०२७ मध्ये ठरली, आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये दोघांनी सामंजस्यानं करार मोडला. बारा वर्षांचा करार सव्वा वर्षात संपला. त्यामुळे कोणी ‘दहा वर्षांचा प्रोजेक्ट आहे’ सांगून जॉब देत असेल तर ऑफर लेटरमधला नोटीस पिरियड आधी वाचा.

आता सुरुवात कुठून करायची. माझं स्पष्ट मत आहे की स्ट्रॅटेजी, मार्केटिंग, सोशल मीडिया इथून सुरुवात करू नका, तिथे आधीच रांग आहे. कॉम्पिटिशन ऑपरेशन्स (प्रत्यक्ष स्पर्धा चालवणं) किंवा ॲक्रेडिटेशन (कोणाला कुठलं प्रवेशकार्ड मिळणार ते बघणं) पकडा. कंटाळवाणं वाटतं पण अख्खी स्पर्धा कशी चालते ते तिथेच कळतं.

एशियन गेम्ससारख्या अनेक खेळांच्या मल्टीस्पोर्ट गेम्समध्ये डीआरएम नावाची एक मीटिंग असते, डेलिगेशन रजिस्ट्रेशन मीटिंग. देशाचं पथक यायच्या आधी त्यांचा शेफ द मिशन म्हणजे पथकप्रमुख आयोजकांसमोर बसतो आणि एकेक नाव तपासलं जातं. हा खेळाडू येतोय का, पासपोर्टवरचं स्पेलिंग आणि एन्ट्रीमधलं स्पेलिंग जुळतंय का, इतके खेळाडू म्हणजे इतकेच ऑफिशियल बसतात, मग तुमचा तिसरा फिजिओ कुठल्या कार्डवर येणार, खेळाडूंच्या राहण्याच्या गावात बेड किती, जखमी झालेल्याच्या जागी दुसरा घ्यायची मुदत कधी संपते. तासन्तास चालतं. मीटिंग संपल्यावर जी यादी सही होऊन बाहेर पडते त्यावर मग कार्ड, जेवण, बस, खोल्या सगळं ठरतं. समोरचा पथकप्रमुख बहुतेक वेळा दमलेला, चिडलेला आणि वरून कोणाचा तरी फोन आलेला असतो, ‘अमुक साहेबांना पण कार्ड द्या’. नाही कसं म्हणायचं, आणि तोही माणूस न दुखावता, हे इथे शिकलात तर पुढे कुठेही अडणार नाही.

ईस्पोर्ट्समध्ये याच लेव्हलचं काम म्हणजे टूर्नामेंट ॲडमिन. लॉबी (मॅचची ऑनलाइन खोली) बनवणं, रोस्टर म्हणजे टीमची यादी चेक करणं, पिंग म्हणजे नेट किती अडकतंय ते बघणं, कोणाचा माउस ड्रायव्हर काय इन्स्टॉल करतोय, पॉज कधी द्यायचा आणि कधी नाही. २०१८ मध्ये शांघायला काउंटर-स्ट्राइकची आशियाई स्पर्धा चालू होती, भारतातली एक टीम खेळत होती, ॲडमिनला संशय आला म्हणून तो खेळाडूच्या पीसीपाशी गेला, खेळाडू घाईघाईनं काहीतरी बंद करायला लागला, आणि निघालं काय तर ‘वर्ड डॉट एक्सई’ नावाची फाइल, आत नेम धरून देणारं चीट. सगळी टीम बाद, ती टीम ज्या अमेरिकन संस्थेची होती तिनं भारतातली टीमच बंद करून टाकली. जगभर व्हिडिओ फिरला. तो ॲडमिन काही फार मोठा अधिकारी नव्हता, पण त्या क्षणी पीसीवरून हात बाजूला कर म्हणायची हिंमत आणि तसं म्हणायचा अधिकार देणारा लिहिलेला नियम, दोन्ही त्याच्याकडे होतं. तुमच्या कॉलेजच्या फेस्टमध्ये स्पर्धा घेत असाल तर आधी नियम लिहा, पानभर का होईना, आणि स्पर्धा झाल्यावर काय चुकलं, किती वाजता, कोणी काय निर्णय घेतला याचा रिपोर्ट लिहा. इंटरव्ह्यूमध्ये सर्टिफिकेटपेक्षा हे दोन कागद जास्त कामाला येतात.

वर कसं जायचं याचं सगळ्यात सरळ उदाहरण हवं असेल तर राल्फ राइशर्टचा रस्ता बघा. जर्मनीतला माणूस, १९९७ मध्ये भावांबरोबर क्वेक नावाचा शूटिंग गेम खेळायला एक क्लॅन म्हणजे टीम काढली, तीच पुढे एसके गेमिंग. मग २००० साली कोलोनला ईएसएल, ईस्पोर्ट्सच्या स्पर्धा भरवणारी कंपनी. नंतर पोलंडमधल्या काटोवित्सेसारख्या कोळसा खाणीच्या शहरात २०१३ पासून स्पर्धा नेली आणि ते शहर ईस्पोर्ट्सच्या नकाशावर आणलं. २०२२ मध्ये सौदीच्या सॅव्ही गेम्सनं ईएसएल आणि फेसइट (ऑनलाइन स्पर्धांचा प्लॅटफॉर्म) मिळून दीड अब्ज डॉलरला घेतल्या, आणि आता तोच माणूस रियाधच्या ईस्पोर्ट्स वर्ल्ड कपचा सीईओ आहे, २०२५ ला बक्षिसंच सात कोटी डॉलरच्या वर. खेळाडू, आयोजक, कंपनी चालवणारा, मग दुसऱ्याच्या पैशावर जगातली सगळ्यात मोठी स्पर्धा चालवणारा. दोन दशकांहून जास्त लागली, हे विसरू नका.

पारंपरिक खेळात एक गोष्ट नीट समजून घ्या, निवडून येणारे वेगळे आणि नोकरी करणारे वेगळे. शरद पवार आयसीसीचे अध्यक्ष होते, नागपूरचे शशांक मनोहर चेअरमन होते, ती निवडणुकीची वाट, त्यासाठी मतं लागतात, सीव्ही नाही. तुमची वाट पगारी लोकांची, सीईओ, सेक्रेटरी जनरल, डायरेक्टर. प्रोफेसर रत्नाकर शेट्टी विल्सन कॉलेजात केमिस्ट्री शिकवायचे, मुंबई क्रिकेट असोसिएशनमधून वर आले आणि बीसीसीआयचे पहिले चीफ ॲडमिनिस्ट्रेटिव्ह ऑफिसर झाले. आपल्याकडच्या बऱ्याच संघटनांमध्ये पगारी जागाच नसते, सेक्रेटरीच सगळं बघतो आणि त्याचा भाचा बाकीचं. २०२५ च्या राष्ट्रीय क्रीडा प्रशासन कायद्यानं नॅशनल स्पोर्ट्स बोर्ड आणि ट्रिब्युनल आणायचं ठरलंय, त्यामुळे नियम, हिशोब, तक्रारी हाताळणाऱ्यांची गरज वाढेल असं मला वाटतं, निदान वकील मंडळींची तरी नक्कीच. विनेश फोगाटची केस २०२४ मध्ये पॅरिसला ‘कास’पुढे, म्हणजे खेळांच्या आंतरराष्ट्रीय लवादापुढे, गेली तेव्हा सगळ्यांना कळलं की खेळात वकील पण लागतो.

शिक्षणाचं म्हणाल तर स्विस कोर्सची नावं सगळीकडे दिसतील. फिफा मास्टर लेस्टर, मिलान आणि न्यूशाटेल अशा तीन शहरांत होतो, दरवर्षी तीसेकच जण घेतात, आणि स्वित्झर्लंडमधल्या लोझानला एआयएसटीएस ही स्पोर्ट्स मॅनेजमेंट शिकवणारी संस्था आहे. भारी आहेत, महाग आहेत, आणि फायदा मुख्यतः वर्गातल्या ओळखींचा. आपल्याकडे पुण्यात सिम्बायोसिसचं स्पोर्ट्स सायन्सेसचं स्कूल आहे, मुंबईत आयआयएसएम हे स्पोर्ट्स मॅनेजमेंटचं कॉलेज आहे, जे डोंबिवलीच्या निलेश कुलकर्णीनं काढलं, तोच ज्यानं टेस्टमधल्या पहिल्याच बॉलवर विकेट घेतली आणि मग त्याच मॅचमध्ये श्रीलंकेनं ९५२ केले. कोर्स घ्यायच्या आधी मागच्या बॅचचे लोक आत्ता कुठे आहेत ते लिंक्डइनवर जाऊन स्वतः शोधा, ब्रोशरवर जाऊ नका. आणि फुकटचं आधी संपवा, वाडाचा, म्हणजे जागतिक अँटी-डोपिंग संस्थेचा, एडेल नावाचा प्लॅटफॉर्म आहे, अँटी-डोपिंगचे कोर्स फ्री, करून टाका.

देश कुठला, हा प्रश्न सगळे विसरतात. निम्म्या फेडरेशन लोझानच्या आसपास आहेत, पण स्वित्झर्लंडमध्ये युरोपबाहेरच्या माणसाला वर्क परमिटचा कोटा असतो, आणि कंपनीला दाखवावं लागतं की तिथला किंवा युरोपचा माणूस मिळाला नाही. अशक्य नाही, पण पहिली नोकरी तिथे मिळणं कठीण. त्यापेक्षा दुबईत आयसीसी आहे, क्वालालंपूरला बॅडमिंटन आणि आशियाई फुटबॉल, कुवेतला एशियन ऑलिंपिक कौन्सिल. एशियन गेम्स २०३० ला दोह्यात आणि २०३४ ला रियाधमध्ये आहेत. एका गेम्सवर काम केलेली माणसं टीमच्या टीमनं पुढच्या गेम्सवर जातात, करार वर्ष-दीड वर्षाचे, नंतर बेकार बसायची तयारी. घरच्यांना ‘पर्मनंट आहे का’ याचं उत्तर देता येणार नाही, हे आधीच सांगून ठेवा. फ्रेंच थोडं येत असेल तर फायदा, अरबी किंवा कोरियन येत असेल तर जास्त, कारण तिथे गर्दी कमी.

ईस्पोर्ट्समध्ये भारतात पैसा कुठून येतो तेही बघत रहा. ऑगस्ट २०२५ च्या ऑनलाइन गेमिंग कायद्यानं ईस्पोर्ट्सला मान्यता दिली, पण पैसे लावून खेळायचे गेम बंद केले, आणि मोठा स्पॉन्सर तिथूनच यायचा. ड्रीम इलेव्हन तर टीम इंडियाच्या जर्सीवरूनसुद्धा गेलं. म्हणजे आता मोबाईल कंपन्या, कोल्ड्रिंक, टायर, बँका यांना समजावून सांगता आलं पाहिजे की अठरा वर्षाचं पोरगं चार तास स्ट्रीम का बघतं. हे एका स्लाइडवर आकड्यांसकट मांडता आलं तर तुम्हाला काम मिळेल, मग डिग्री कुठलीही असो.

आपल्या जवळचं म्हणाल तर गोव्यात २०२३ मध्ये नॅशनल गेम्स झाल्या, महाराष्ट्र २२८ पदकांनी पहिला आला, अशा ठिकाणी व्हॉलंटियर म्हणून उभं राहिलेल्यांना आतून सगळं बघायला मिळतं. आता २०३० ची कॉमनवेल्थ अहमदाबादला आहे, मुंबईहून एका रात्रीच्या ट्रेनवर. आत्तापासून स्टेट असोसिएशनच्या एखाद्या स्पर्धेत रिझल्ट टेबलवर बसा, एक्सेल पक्कं करा, दोन वर्षांत नॅशनलला पोचाल, आणि त्या भरतीच्या वेळी तुमच्याकडे सांगायला काहीतरी असेल. पासपोर्ट नसेल तर आत्ताच काढा, नाव आधार आणि मार्कशीटवर जसं आहे तसंच ठेवा, वडिलांचं नाव एकीकडे आहे आणि एकीकडे नाही असला घोळ नको, ॲक्रेडिटेशनवाले त्यावरच फॉर्म परत पाठवतात.