उतारावरचं घर: पाया आणि रिटेनिंग वॉलच्या कामात नव्याने येणाऱ्यांसाठी थोडं अनुभवाचं

डोंगर उतारावरच्या घरांचे पाये आणि रिटेनिंग वॉल, म्हणजे माती अडवून धरणाऱ्या भिंती, हेच माझं काम, सुपरवायझर म्हणून लागलो आणि तिथूनच पुढे शिकत गेलो. या लाइनमध्ये यायचंय म्हणणारी पोरं भेटली की पहिला प्रश्न ठरलेला असतो, काँक्रीटचा ग्रेड कोणता आणि सळई किती एमएमची. चांगला प्रश्न आहे, पण त्याचं उत्तर ड्रॉइंगवर लिहिलेलं असतं. जे ड्रॉइंगवर पूर्ण मावत नाही ते शिकायचं असतं, आणि ते म्हणजे माती आणि पाणी. उतारावरच्या ज्या बिघडलेल्या भिंती मी बघितल्यात त्यातल्या बहुतेकांचं काँक्रीट ठणठणीत होतं, मागे पाणी तुंबलं होतं नाहीतर खालची जमीनच सरकली होती.

थोडं गणित आधी करून टाकू, कारण हे एकदा हाताने केलं की आयुष्यभर डोक्यात राहतं, सॉफ्टवेअर नंतर शिका. 3 मीटर उंचीची भिंत, मागे कोरडी वाळूसारखी माती, वजन घनमीटरला 18 किलोन्यूटन, फ्रिक्शन अँगल (मातीचे कण एकमेकांना किती धरून ठेवतात त्याचं माप) 30 अंश. रँकिनच्या सूत्राने (1857 चं आहे, अजून रोज वापरतो) मातीचा आडवा दाब उभ्या दाबाच्या एक तृतीयांश येतो, म्हणजे भिंतीच्या दर मीटर लांबीला एकूण ढकल 27 किलोन्यूटन, साधारण पावणेतीन टन. आता तीच माती वरपर्यंत पाण्याने भरली असं धरा. नुसत्या पाण्याची ढकल 44 येते, आणि पाण्यात बुडालेल्या मातीची अजून 15 च्या आसपास, मिळून 59. दुपटीपेक्षा जास्त! भिंत तीच, सळई तीच, फक्त पाण्याला बाहेर पडायला वाट नाही. आणि उंचीचंही बघून घ्या, उंची दुप्पट केली तर ढकल चौपट होते आणि भिंत उलथवणारा मोमेंट आठपट, त्यामुळे "अजून थोडी वर घ्या ना भिंत, बाग सपाट होईल" असं घरमालक म्हणाले की साइटवर मान डोलवायची नाही, डिझाइनरकडे परत पाठवायचं. वर गाडी उभी राहणार असेल, किंवा भिंतीच्या मागे परत चढच असेल, तरी दाब वाढतो, हे पण त्यांना तेव्हाच सांगायचं.

साइटवर पहिल्या दिवशी टेप काढू नका, फिरा. वरून खाली, खालून वर, आणि जमलं तर पावसात. झाडांचे बुंधे बुडाशी वाकून मग सरळ वर गेलेत का बघा, म्हणजे वरची माती हळूहळू सरकत असू शकते. उताराच्या माथ्यावर चंद्रकोरीसारख्या भेगा आहेत का, मध्येच एखादा ओला हिरवा पट्टा आहे का जिथे बाकी सगळं सुकलंय, जुनी कुंपणं किंवा खांब कललेत का. मग ट्रायल पिट (माती बघायला खणलेला खड्डा) आणि बोअर (यंत्राने घेतलेलं खोल भोक), आणि बोअर एकच घेऊन भागत नाही, कारण उतारावर वरच्या कोपऱ्यात दीड मीटरवर खडक लागतो आणि खालच्या कोपऱ्यात सहा मीटरवर पण लागत नाही असं सर्रास होतं. बोअरमध्ये पाणी किती खोलीवर लागलं तेवढंच नाही, कोणत्या महिन्यात बोअर घेतला तेही वहीत लिहा. उन्हाळ्यात कोरडा निघालेला बोअर पावसाळ्याबद्दल काहीच सांगत नाही.

घराच्या पायाबद्दल बोलायचं तर उतारावर सगळ्यात धोकादायक मोह म्हणजे अर्धं कटिंग अर्धा भराव. पोकलेन लावायचं, वरची बाजू कापायची, निघालेली माती खालच्या बाजूला ढकलायची, झाला प्लॉट सपाट, दिसायला एकदम छान. पण घराचा मागचा भाग पक्क्या जमिनीवर आणि पुढचा सैल भरावावर बसतो, भराव खचतो, पक्की जमीन खचत नाही, आणि घराला बरोबर मधून तिरकी भेग जाते. भरावाचं प्रकरण किती गंभीर आहे याचं उदाहरण हाँगकाँगचं आहे. 1972 च्या जूनमध्ये तिथे एकाच दिवशी दोन ठिकाणी उतार कोसळून शंभरावर माणसं गेली, 1976 ला परत साउ माउ पिंग भागात भरावाचा उतार घसरला, आणि चौकशीत निघालं की माती न दाबता नुसती वरून ओतलेली होती आणि पावसाचं पाणी तिच्यात मुरलं. त्यानंतर 1977 ला तिथल्या सरकारने उतारांवर देखरेख करायला वेगळं ऑफिसच काढलं. म्हणून माझं म्हणणं सरळ आहे, पाया मूळ जमिनीतच गेला पाहिजे, भराव कितीही दाबला तरी घराचं वजन त्याच्यावर नको. खडक जवळ असेल तर स्टेप फुटिंग (पायऱ्या-पायऱ्यांचा पाया), लांब असेल तर पाइल (खोलवर नेलेले काँक्रीटचे खांब) आणि वरून सगळं टाय बीमने, म्हणजे आडव्या तुळयांनी, बांधून घ्यायचं.

स्टेप फुटिंगला बेंच, म्हणजे जमिनीतली पायरी, आडवाच कापायचा, तिरक्या जमिनीवर तसंच पीसीसी (बिनसळईचं काँक्रीट) टाकून फुटिंग ओतलं तर ते घसरायला मोकळं. वरचं फुटिंग खालच्याच्या फार जवळ आणि फार उंच असेल तर वरच्याचं वजन खालच्याच्या अंगावर येतं. मातीत जुना ठोकताळा असा की शेजारच्या दोन फुटिंगच्या खालच्या कडा जोडणारी रेष 2 आडवी 1 उभी यापेक्षा उभी नको. तसंच उताराच्या अगदी कडेला फुटिंग नको, कारण समोरच्या बाजूला त्याला धरून ठेवायला मातीच नसते. व्ह्यूसाठी घर कडेला ओढायचा आग्रह नेहमी होतो, तिथे ठाम राहायचं.

आता भिंत. साधारण 3 मीटरपर्यंत दगडी किंवा मास काँक्रीटची ग्रॅव्हिटी वॉल चालते, ती स्वतःच्या वजनावर उभी राहते. त्याच्या वर 6 मीटरच्या आसपासपर्यंत आरसीसी कँटिलिव्हर, म्हणजे रुंद तळावर उभी असलेली सळईच्या काँक्रीटची भिंत, आणि त्याहून उंच असेल तर काउंटरफोर्ट (मागून आधाराच्या आडव्या भिंती) नाहीतर अँकर वगैरे. कँटिलिव्हरचा तळ उंचीच्या साधारण 0.5 ते 0.7 पट रुंद येतो, आणि त्यातला मोठा भाग मागे मातीखाली जातो, म्हणजे मातीचं वजनच भिंतीला धरून ठेवतं. जागा वाचवायला कुणी हील (तळाचा हा मागचा भाग) कापायला सांगितली तर कापायची नाही, बास. घसरण्याविरुद्ध सुरक्षेचा फॅक्टर सहसा 1.5 धरतात, उलथण्याविरुद्ध 2. पण हे दोन्ही पास झाले म्हणून काम संपत नाही, अख्खा उतार भिंतीला पोटात घेऊन घसरू शकतो, तो ग्लोबल स्टॅबिलिटीचा चेक जिओटेक्निकलवाल्याकडून, म्हणजे मातीच्या इंजिनिअरकडून, झालाय का हे विचारायला नवीन आहोत म्हणून लाजू नका.

सळईची बाजू, हे जरा नीट वाचा. कँटिलिव्हर भिंतीत जाड उभ्या सळया मातीच्या बाजूला असतात, तळाच्या स्लॅबमध्ये हीलला वरून आणि टोला (तळाच्या पुढच्या भागाला) खालून. एका साइटवर मी काँक्रीटच्या आदल्या संध्याकाळी चेकिंगला गेलो तर 16 च्या सळया बाहेरच्या बाजूला आणि 10 च्या मातीच्या बाजूला, बांधणी इतकी सुबक की बघत राहावं, पण उलटी. फिटर काका अनुभवी माणूस, म्हणाले, "साहेब, भिंत बाहेर पडणार, मग ताकद बाहेरच पाहिजे ना?" वाद घालण्यात अर्थ नव्हता. जॉइंटसाठी आणलेल्या थर्माकोलची एक पट्टी घेतली, बुडाला ओल्या मातीत घट्ट रोवली आणि म्हटलं, काका, तुम्ही डोंगर, ढकला हिला. त्यांनी हाताने ढकललं, पट्टी बुडाशी मोडली आणि भेग उघडली ती त्यांच्या हाताच्या बाजूने. काकांनी पट्टी दोनदा उलटसुलट करून बघितली आणि काही न बोलता पोरांना बोलावून तारा तोडायला घेतल्या. रात्री उशिरापर्यंत बदलत होते, दुसऱ्या दिवशी काँक्रीट वेळेवर झालं. नवीन माणसाने ड्रॉइंग वाचताना "अर्थ फेस" कुठला लिहिलाय ते आधी शोधायचं, मग बाकीचं.

कव्हर, म्हणजे सळईवरचं काँक्रीटचं आवरण, मातीला लागून ओतलेल्या काँक्रीटला 75 मिमी, शटरिंगच्या आत 50 च्या आसपास, ड्रॉइंग सांगेल ते, आणि कव्हर ब्लॉक काँक्रीटचेच, दगडाचे तुकडे नकोत. स्टेम (उभी भिंत) आणि तळाचा जो जॉइंट असतो तिथेच मोमेंट सगळ्यात जास्त, आणि तिथेच सगळा कचरा साठतो, भुसा, तारांचे तुकडे, वरून घरंगळलेली माती. तो जॉइंट टाचून, धुऊन, टॉर्च मारून बघितल्याशिवाय शटर बंद करू देऊ नका. शटरचा जोर पण ओळखा, ओलं काँक्रीट घनमीटरला सुमारे 25 किलोन्यूटन, 3 मीटर एका दमात भरलं तर तळाशी चौरस मीटरला 75 पर्यंत दाब येतो, थंडीत काँक्रीट उशिरा आवळतं म्हणून जास्त वेळ तसाच राहतो. आणि उतारावर शटरचे टेकू सैल मातीवर टेकवलेले असतात, ते रुततात आणि भिंत पोट काढते. टेकूखाली फळी आणि मागे खुंट्या, दर वेळी. काँक्रीट वरून पन्हळीने सोडलं की खडी वेगळी आणि गारा वेगळा होतो, तेव्हा पंप मिळाला तर उत्तम, नाहीतर पन्हळीच्या टोकाला परत घोळून मग भरा, दीड मीटरपेक्षा उंचावरून टाकू नका, थर 300 ते 450 मिमीचे, नीडल (काँक्रीट दाबणारा व्हायब्रेटर) खालच्या थरात थोडी शिरली पाहिजे. काँक्रीटच्या गाडीत पाणी वाढवायला कुणी सांगितलं तर थांबवा.

खोदाईत जीव जातात म्हणून हे वेगळं सांगतो. एक घनमीटर माती म्हणजे पावणेदोन-दोन टन, कमरेपर्यंत गाडलं गेलं तरी माणूस स्वतः निघू शकत नाही. उताराचा पाय एकदम सगळ्या लांबीत कापायचा नाही, एक आड एक तुकडे कापायचे, एक तुकडा भिंत उभी राहून धरला की मग मधला. निघालेली माती कडेवर रचायची नाही. पाऊस पडून गेल्यावर सकाळी आधी वर जाऊन भेगा बघायच्या, मगच माणसं खाली उतरवायची, ठेकेदार कितीही घाई करू दे. हे एवढं एक तुमच्या हातात असतं आणि त्याला कुठला अनुभव लागत नाही.

भिंत झाली की सगळ्यांचं लक्ष उडतं, आणि माझ्या मते खरं काम तेव्हा सुरू होतं. मागे ड्रेनेजचा थर, स्वच्छ खडी, खडी आणि मातीच्या मध्ये जिओटेक्स्टाइल (पाणी जाऊ देणारं, माती अडवणारं कापड), नाहीतर बारीक माती शिरून दोन-चार पावसाळ्यात सगळं बुजतं, तळाशी भोकांचा पाइप ज्याला उतार दिलाय आणि ज्याचं तोंड उघड्यावर निघतं, वर भिंतीत 75 ते 100 मिमीचे वीप होल (पाणी बाहेर पडायची भोकं), बाहेरच्या बाजूला उतरते. माथ्यावर गटार, म्हणजे वरचं पाणी भिंतीमागे येण्याआधीच बाजूला वळतं. एका घरात प्लास्टरवाल्याने वीप होल वाईट दिसतात म्हणून सिमेंटने लिंपून टाकले होते, मालकालाही आवडलं होतं, पहिल्या मोठ्या पावसात भिंतीवर आडवी ओल उमटली आणि जॉइंटमधून पाणी पिचकारीसारखं यायला लागलं. भोकं परत फोडल्यावर कितीतरी वेळ गढूळ पाणी वाहत होतं. तेव्हापासून प्लास्टर चालू असताना मी स्वतः हजर राहतो.

बॅकफिल, म्हणजे भिंतीमागचा भराव, काँक्रीटला ताकद आल्यावरच, 7 दिवसांत साधारण दोन तृतीयांश येते, पूर्ण धरायची तर 28, आणि क्युरिंग गोणपाट लावून सलग करायचं, उभ्या भिंतीवर नुसतं पाणी मारून ते टिकत नाही. भराव 150 ते 200 मिमीच्या थरांनी, भिंतीजवळ हाताचा छोटा कॉम्पॅक्टर, मोठा रोलर लांबच.

करिअर म्हणून विचाराल तर डिग्री असो, डिप्लोमा असो की कामावरून वर आलेले असा, सुरुवात साइटवरूनच करा, निदान एक पूर्ण पावसाळा तरी, डिझाइनच्या ऑफिसात नंतर जा. ऑटो लेव्हल (उंची मोजायचं दुर्बिणीचं यंत्र) हातात बसली पाहिजे. जिओटेकचा माणूस साइटवर आला की त्याच्या मागे मागे फिरा, तो माती बोटांत चोळून बघतो तेव्हा काय बघतोय ते विचारा, बहुतेकजण आनंदाने सांगतात. फिटर, सेंटरिंगवाले, पोकलेन ऑपरेटर यांच्याकडून शिका, ऑपरेटरला बकेटच्या आवाजावरून थर बदलल्याचं कळतं. जे जे बुजणार आहे त्याचा फोटो काढा, टेप लावून, तारखेसकट, फुटिंगचा तळ, सळई, पाइप, खडी, सगळं. काम सोपवताना मालकाला गटारं आणि पाइपची तोंडं कुठे कुठे आहेत ते फिरून दाखवा, नकाशा द्या, आणि पावसाळ्याआधी साफ करायची हे त्यांच्यासमोर लिहून द्या.