दहशतवादावर प्रकल्प लिहिताय? या चुका टाळा

पदवीच्या मुलांचे राज्यशास्त्राचे प्रकल्प मी बरीच वर्षं तपासते आहे. ‘दहशतवाद : संकल्पना, कारणे व इतिहास’ हा विषय दरवर्षी कुणीतरी घेतंच. मुलं मेहनत करतात, पण गाडी ठरलेल्या जागीच अडते. त्या जागा आधी माहीत असल्या तर बरं.

पहिली अडचण शब्दांचीच. अतिरेकी, दहशतवादी, जहाल, नक्षलवादी, क्रांतिकारक हे सगळे एकाच परिच्छेदात एकमेकांच्या जागी बसवलेले असतात. वर्तमानपत्रांनी ‘अतिरेकी’ आणि ‘दहशतवादी’ इतकी वर्षं एकाच अर्थानं छापलं की मुलांना दोष देववत नाही. पण अतिरेक विचारात असतो, दहशतवाद ही कृतीची पद्धत आहे. १९०७ साली सुरतेला काँग्रेस फुटली तेव्हा टिळकांचा पक्ष ‘जहाल’ ठरला, तो मागण्या आणि चळवळीच्या मार्गांवरून. टोकाचं मत असणारा माणूस जन्मभर शस्त्राला हात लावत नाही, असंही होतं.

मग व्याख्या कोणती लिहायची? ‘संयुक्त राष्ट्रांच्या व्याख्येनुसार’ असं लिहिलेलं दिसलं की मी तिथे लाल रेघ मारते. सर्वांना मान्य अशी एकच सर्वंकष व्याख्या अजून झालेलीच नाही. भारतानं १९९६ मध्ये सर्वंकष कराराचा मसुदा मांडला, तो अडकून पडला आहे. स्वातंत्र्यासाठी लढणाऱ्या गटांना आणि सरकारी सैन्याच्या कृत्यांना व्याख्येत घ्यायचं की नाही, यावर देशांचं जमत नाही. भारतीय कायदा हवा असेल तर यूएपीएचं, म्हणजे बेकायदेशीर कृत्ये प्रतिबंधक कायद्याचं, कलम १५ पाहा आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेचं कलम ११३ पाहा. विवेचनासाठी मी मुलांना साधी कसोटी देते : हेतू राजकीय आहे का, मारलेली माणसं निःशस्त्र होती का, आणि जे मेले त्यांच्यापेक्षा जे पाहत होते त्यांना घाबरवायचं होतं का?

ही कसोटी सगळ्यांना सारखी लावायची. मुलं इथेच कचरतात. चाफेकरांचा प्रश्न आला की पान उलटतात. २२ जून १८९७ च्या रात्री गणेशखिंडीच्या रस्त्यावर रँडवर गोळी झाडली गेली. रँड हा पुण्यातल्या प्लेगच्या जुलमी बंदोबस्ताचा प्रमुख होता. त्याच रात्री आयर्स्ट हा ब्रिटिश लष्करी अधिकारीही मारला गेला. मला विचाराल तर रँडचा खून आणि २६ नोव्हेंबर २००८ ला सीएसटीच्या फलाटावर गाडीची वाट पाहणाऱ्यांवर झालेला गोळीबार एका जातीचे नाहीत. पण का नाहीत, हे लक्ष्य कोण होतं त्यावरून सांगा. ‘ते आपले होते’ हे उत्तर चालणार नाही.

इतिहास ११ सप्टेंबर २००१ पासून सुरू करणं ही चूक तर सर्रास होते. ‘टेरर’ हा शब्द राजकारणात रुळला तो १७९३-९४ च्या फ्रान्समध्ये, आणि तिथे दहशत बसवणारं खुद्द क्रांतिकारी सरकार होतं. १८८१ मध्ये रशियात ‘नारोदनाया वोल्या’ या गटानं झार दुसऱ्या अलेक्झांडरला बॉम्बनं मारलं. त्याच वर्षी अमेरिकेचे अध्यक्ष गारफिल्ड यांची हत्या झाली, तेव्हा याच गटानं तिचा जाहीर निषेध केला : जिथे मतदानाचा मार्ग खुला आहे तिथे हत्येला जागा नाही, असं त्यांचं म्हणणं. पुढे पारनेरचे पांडुरंग महादेव बापट, म्हणजे आपले सेनापती बापट, पॅरिसमध्ये रशियन क्रांतिकारकांकडून बॉम्बची कृती मिळवून १९०८ मध्ये परतले. ती साखळी दाखवलीत तर प्रकल्पात जीव येईल.

आता सगळ्यात महत्त्वाची चूक. कारणं लिहिली की आपण समर्थन करतो असं वाटेल, या भीतीनं मुलं ‘कारणे’ हा भाग चार ओळींत उरकतात. ही भीती जुनी आहे. ३० एप्रिल १९०८ ला मुजफ्फरपुरात खुदिराम बोस आणि प्रफुल्ल चाकी यांनी किंग्जफर्ड या ब्रिटिश न्यायाधीशासाठी टाकलेल्या बॉम्बनं दोन युरोपीय स्त्रिया, मायलेकी, मेल्या. टिळकांनी १२ मेच्या ‘केसरी’त ‘देशाचे दुर्दैव’ लिहिलं आणि ९ जूनला ‘हे उपाय टिकाऊ नाहीत’. बॉम्ब वाईट, पण तो दडपशाहीतून आला आणि आणखी दडपशाहीनं तो थांबणार नाही, हा त्यांच्या म्हणण्याचा गाभा. सरकारनं त्यात राजद्रोह पाहिला. ज्यूरीतल्या नऊपैकी सात जणांनी त्यांना दोषी ठरवलं आणि सहा वर्षांची शिक्षा होऊन टिळक मंडालेला गेले. कारण सांगणं आणि कृत्याला मान डोलावणं यांतला फरक तुमच्या वाक्यरचनेत दिसला पाहिजे. ‘म्हणून त्यांना शस्त्र उचलावंच लागलं’ असं लिहू नका. ‘त्यांनी शस्त्र उचललं’ असं लिहा.

‘गरिबी व निरक्षरता’ हे तयार उत्तरही खोडा. ११ सप्टेंबरच्या हल्लेखोरांचा म्होरक्या मोहम्मद अट्टा हॅम्बुर्गला नगररचना शिकला, अल-कायदाचा अयमन अल-जवाहिरी शस्त्रक्रिया करणारा डॉक्टर, पश्चिम जर्मनीतल्या ‘रेड आर्मी फॅक्शन’ची उलरिके माइनहोफ पत्रकार. कसाब गरीब घरातला, हे खरं. पण मुंबईची रेकी करणारा हेडली गरीब नव्हता. एकटा धर्म पुढे करून भागत नाही : आत्मघाती हल्ल्यांचं तंत्र सराईतपणे वापरणारी श्रीलंकेतल्या तमिळांची फुटीर संघटना एलटीटीई धर्मासाठी लढत नव्हती. तिथे सिंहली हीच राजभाषा ठरवणारा १९५६ चा ‘फक्त सिंहली’ कायदा आणि १९८३ ची जुलैमधली तमिळांची कत्तल ही खरी दुखणी होती. तीच दुखणी असलेले असंख्य तमिळ कधी बंदुकीकडे वळले नाहीत, आणि त्यांची बाजू संसदेत मांडणारे अमृतलिंगम यांना १९८९ मध्ये एलटीटीईनंच मारलं. तेव्हा दुखणं, संघटना आणि नेता यांना वेगवेगळे परिच्छेद द्या.

शेवटी आकडे. २६/११ चे मृत कुठे १६६ तर कुठे १७५ दिसतात आणि मुलं गोंधळतात. १७५ मध्ये मारले गेलेले नऊ हल्लेखोर मोजलेले आहेत. १६६ लिहा. आणि प्रकल्पात कसाबचं नाव जितक्या वेळा येईल, त्यातल्या एका जागी तरी त्याला गिरगाव चौपाटीवर धरून ठेवताना गोळ्या झेलणाऱ्या तुकाराम ओंबळे यांचं नाव येऊ द्या.