जुनी बार्बेक्यू शेगडी घेताय? आधी तळ तपासा

वापरलेली शेगडी घेताना बाहेरचा गंज दाखवून भाव पाडता येतो, तेवढाच त्याचा उपयोग. शेगडी जाते ती तळातून. कोल्हापुरात जून ते सप्टेंबर हवेत ओल असते. आत राहिलेली राख ती ओल धरून ठेवते आणि चिकनवरून गळलेलं मीठ, लिंबू त्यात मिसळून पत्रा खातात. म्हणून राख काढायला लावा आणि स्क्रूड्रायव्हरच्या टोकाने तळ जागोजागी दाबून बघा. टोक आरपार गेलं तर रंगरंगोटीवर पैसे घालू नका. उद्यमनगरातल्या एखाद्या फॅब्रिकेशनवाल्याकडून १६ गेजच्या साध्या लोखंडी पत्र्याचा नवा तळ वेल्ड करून घ्या. ड्रम कापून केलेली शेगडी असेल तर ड्रममध्ये आधी काय होतं ते विचारा. केमिकलचा निघाला किंवा नीट सांगता आलं नाही, तर घेऊच नका.

मग जाळी. राखाडी, चमकदार ठिपक्यांची जीआय जाळी असेल तर ती थेट भंगारात टाका. तिच्यावर जस्ताचा थर असतो. जस्त ४१९ अंश सेल्सिअसला वितळतं, निखारे त्याहून कितीतरी तापतात. तापलेल्या जस्ताचा धूर छातीत गेला की थंडी वाजून ताप भरतो. घासून किंवा ॲसिडने थर काढायच्या भानगडीत पडू नका. नवी जाळी ३०४ स्टेनलेस स्टीलच्या ८ मिलीमीटर सळ्यांची करून घ्या, दोन सळ्यांमध्ये १० ते १२ मिलीमीटर फट ठेवा. लोहचुंबक लावून खात्री करतो म्हणणाऱ्यावर विसंबू नका. स्वस्त २०२ स्टीललाही चुंबक सहसा चिकटत नाही, त्यामुळे बिलावर ग्रेड लिहून घ्या.

साफसफाई कोरडी सुरू करायची. तळातली घट्ट चरबी रंगाऱ्याच्या लोखंडी पट्टीने आधी खरवडा, नाहीतर पुढच्या पायरीत तीच भडकेल. मग मोकळ्या जागेत निखारे करून झाकण लावा आणि अर्धा तास तापू द्या. उरलेलं तेलकट किटण जळून खपल्या सुटतात. झाकणाच्या आतून काळे पापुद्रे पडतात, तो बहुतेक वेळा रंग नसून काजळी असते. चुरगळलेल्या फॉइलने घासा. तापलेल्या बिडाच्या जाळीवर पाणी ओतू नका, तडकते.

शेगडी पूर्ण गार झाल्यावर १० लिटर गरम पाण्यात २५० ग्रॅम धुण्याचा सोडा विरघळवून जाळी ३-४ तास बुडवा. रबरी मोजे घाला. ॲल्युमिनियमचे भाग यात टाकू नका, काळे पडतात. जाळी धुतली की लगेच विस्तवावर सुकवा, कारण ओल्या बिडावर तासाभरात तांबूस गंज चढतो. वायर ब्रश वापरलाच तर नंतर ओल्या फडक्याने पुसून तुटलेल्या तारा शोधा. त्या घासात गेल्या तर घशात रुततात.

बाहेरचा गंज आधी ८० आणि मग १२० नंबरच्या पॉलिश पेपरने काढा. जुन्या रंगात शिसं असू शकतं, म्हणून पेपर ओला करून घासा आणि मास्क लावा. पत्रा नीट सुकू द्या. नंतर ६०० अंश सोसणाऱ्या काळ्या रंगाचे दोन पातळ हात द्या, तेही फक्त बाहेरून. जाड हात दिला की पहिल्याच विस्तवाला फोड येतात. डब्यावर लिहिलेला वेळ रंग वाळू द्या. पहिला विस्तव मंद ठेवा, अर्ध्या तासाने वाढवा, आणि त्या दिवशी काहीही भाजू नका.

आतल्या बाजूला कुठलाही रंग लावायचा नाही, रेड ऑक्साइड तर मुळीच नाही. आत आणि बिडाच्या जाळीवर शेंगदाणा तेल चोळा आणि कोरड्या फडक्याने जवळजवळ सगळं पुसून टाका. तेल चमकताना दिसलं तर ते जास्त झालं, भाजल्यावर चिकट राहणार. तासभर तापवा, गार करा, आणि हेच तीनदा करा.

तळाला १० मिलीमीटरचं एक भोक पाडून घ्या, साचलेलं पाणी निघून जाईल. वापरानंतर दुसऱ्या दिवशी राख गार झाल्याची खात्री करून ती पत्र्याच्या डब्यात काढा. प्लास्टिकचं कव्हर जमिनीपर्यंत बांधू नका. खालून हवा खेळती राहिली नाही तर आतच पाणी सुटतं. पावसाळ्यात कव्हरपेक्षा छपराखालचा कोपरा बरा.