परसातल्या कोंबडीचे दुखणे ओळखताना

संगमेश्वर तालुक्यातील आमच्या घरामागे मी २०१४ साली गिरिराज ही सुधारित जात आणि गावठी अशा बावीस कोंबड्या पाळण्यास सुरुवात केली आणि पुढच्याच उन्हाळ्यात त्यांतील अठरा कोंबड्या नऊ दिवसांत गमावल्या. आठवडी बाजारातून आणलेल्या दोन तलंगा (अजून अंड्यावर न आलेल्या कोंबड्या) मी त्याच संध्याकाळी जुन्या कोंबड्यांबरोबर खुराड्यात कोंडल्या होत्या. पाचव्या दिवशी एक कोंबडी पंख पाडून कोपऱ्यात बसली, चोच उघडी ठेवून श्वास घेऊ लागली आणि तिची विष्ठा पाण्यासारखी पातळ, हिरवट-पांढरी झाली. दोन दिवसांनी दुसरीची मान पिळवटली. शेजारच्या आजींनी कुंपणापलीकडूनच पाहून ‘मानमोडी आली’ असे सांगितले, तरी मी दुकानातून आणलेले प्रतिजैविक (अँटिबायोटिक) पाण्यात घालत राहिले.

मानमोडी म्हणजे राणीखेत. कुमाऊँमधील राणीखेत गावाच्या नावाने हा रोग भारतात ओळखला जातो. तो विषाणूजन्य असल्यामुळे प्रतिजैविकाने बरा होत नाही आणि एकदा कळपात शिरल्यावर त्यावर औषध नाही, हे मला पहिल्याच दिवशी कोणी सांगायला हवे होते असे आजही वाटते. त्याला अडवते ती लसच. पिल्लू पाच ते सात दिवसांचे असताना लासोटा लसीचा एक थेंब डोळ्यात किंवा नाकात घालतात, चौथ्या आठवड्याच्या सुमारास तीच लस पुन्हा देतात आणि आठ ते दहा आठवड्यांच्या पक्ष्याला आर टू बी लस टोचतात. आर टू बी लहान पिल्लाला सोसत नाही, म्हणून घाई करू नये.

अडचण अशी की, लसीची कुपी साधारण शंभर पक्ष्यांसाठी असते, ती बर्फात ठेवून आणावी लागते आणि विरघळवल्यानंतर दोन तासांच्या आत संपवावी लागते. दहा-वीस कोंबड्यांच्या मालकाला हे परवडत नाही, आणि परसातल्या कोंबड्या लसीविना राहतात त्या मुख्यतः यामुळे. आम्ही वाडीतील सहा घरांनी मिळून एक कुपी आणण्याचा परिपाठ ठेवला आहे. लस नेहमी धडधाकट पक्ष्यालाच, दिवस तापण्यापूर्वी द्यावी आणि पिण्याच्या पाण्यातून देण्याचा प्रसंग आल्यास नळाचे क्लोरीनयुक्त पाणी न वापरता विहिरीचे वापरावे, कारण क्लोरीनमुळे लसीतील जिवंत विषाणू मरतो.

आजारी कोंबडी आपले दुखणे शक्य तितके लपवते, कारण दुबळी दिसणाऱ्या पक्ष्याला बाकीच्या टोचून बेजार करतात. त्यामुळे ती उघडपणे झुरताना दिसते तोवर आजार बराच पुढे गेलेला असतो. सकाळी खुराडे उघडताना पाच मिनिटे नुसते उभे राहून पाहणे ही माझ्या मते नवशिक्याने लावून घ्यावी अशी पहिली सवय आहे. सर्वांत शेवटी बाहेर कोण येते, दाण्यावर कोण धावत नाही, तुरा फिका किंवा काळसर पडला आहे का, हे पाहावे. मग कोंडल्या जागेतील विष्ठा पाहावी. निरोगी विष्ठा घट्ट, करडी-तपकिरी आणि वर पांढरा थर असलेली असते. अधूनमधून पडणारी मऊ, चिकट, गडद तपकिरी आणि उग्र वासाची विष्ठाही स्वाभाविकच असते. ती पाहून मी सुरुवातीला उगाच घाबरत असे.

खुडूक, म्हणजे अंडी उबवण्याच्या ओढीने बसलेल्या, कोंबडीच्या बाबतीतही असाच घोटाळा होतो. तीही पिसे फुलवून बसून राहते आणि कमी खाते, परंतु हात नेल्यास ती गुरगुरते आणि टोचायला धावते. आजारी कोंबडी मात्र डोळे मिटून निमूटपणे हाती लागते. वर्षातून एकदा पिसे झडतात, तेव्हा अंडी थांबतात, तोही आजार नव्हे.

कोकणच्या पावसात सर्वाधिक पिल्ले घेते ती रक्ती हगवण. साधारण तीन ते आठ आठवड्यांची पिल्ले अंग आखडून घोळक्याने बसतात, पंख खाली सोडतात आणि विष्ठेत रक्त दिसते. या रोगाचे सूक्ष्म परजीवी विष्ठेतून बाहेर पडतात आणि ओल व ऊब मिळाली की एक-दोन दिवसांत पुन्हा बाधा करण्यास समर्थ होतात, म्हणून खुराड्यात अंथरलेला ओला भाताचा तूस तसाच ठेवून केवळ औषध देणे व्यर्थ आहे. आम्ही प्रथम सर्व तूस काढून जाळतो, जमीन कोरडी करून नवा तूस पसरतो आणि पशुवैद्यकांनी लिहून दिलेल्या मात्रेत अँप्रोलियम पिण्याच्या पाण्यातून देतो. त्या काळात पाण्याचे दुसरे कोणतेही भांडे आवारात ठेवत नाही. हे औषध बी-१ जीवनसत्त्वाची वाट अडवूनच परजीवीला मारते, त्यामुळे उपचार चालू असताना बी-जीवनसत्त्वाचे टॉनिक पाजू नये. मी एकदा चांगल्या हेतूने ते पाजले होते आणि औषधाला गुण आला नव्हता.

देवी रोगात तुऱ्यावर आणि डोळ्यांभोवती खपल्या धरतात. तो डासांमुळे पसरतो. खपल्या न उपटता पोटॅशियम परमँगनेटच्या फिक्या द्रावणाने पुसाव्यात, आणि तोंडात चट्टे नसतील तर बहुतेक कोंबड्या तीन-चार आठवड्यांत सावरतात. घशात खुरखुर आणि नाकातून स्राव असेल, तर आधी खुराड्यातील वारा खेळता आहे का ते पाहावे, कारण नाकाला झोंबणारा अमोनियाचा वास हे त्या दुखण्याचे निम्मे कारण असते. प्रतिजैविक द्यावे लागलेच, तर त्या काळातील आणि डॉक्टर सांगतील तितक्या पुढच्या दिवसांतील अंडी खाऊ नयेत.

कोंबडी खात असूनही फिकी पडत चालली, तर रात्री बॅटरी घेऊन खुराड्याच्या फटी तपासाव्यात; कोंबड्यांची गोचीड दिवसा तिथे दडते आणि रात्री रक्त पिते. पोटातील जंतांसाठी आम्ही दर तीन महिन्यांनी औषध देतो.

नव्या पक्ष्याला आता मी तीन आठवडे गोठ्यापलीकडे वेगळ्या डालग्याखाली ठेवते आणि जुन्या कोंबड्यांचे दाणापाणी उरकल्यावरच त्याच्याकडे जाते. मात्र एकाच रात्रीत अनेक कोंबड्या मेल्या, डोके सुजले, तुरा निळसर पडला, तर घरगुती उपाय करत बसू नये. २००६ साली नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर येथे भारतातील पहिला बर्ड फ्लू आढळला; अशा मरतुकीची खबर पशुवैद्यकीय दवाखान्याला तत्काळ देणे हे प्रत्येक पाळणाऱ्याचे कर्तव्य ठरले आहे. मेलेल्या पक्ष्याला उघड्या हाताने शिवू नये, तो पऱ्ह्यात (ओढ्यात) टाकू नये, आणि डॉक्टर येऊन पाहीपर्यंत कुत्र्या-मांजरांच्या तोंडी लागणार नाही असा झाकून ठेवावा. त्यानंतर त्यांच्या सांगण्याप्रमाणे खोल खड्ड्यात चुना टाकून पुरावा.