इंजिनचे वायरिंग घरी आवरताना या चुका टाळा

तीन वर्षांपूर्वी पुण्याहून साताऱ्याला येताना खंबाटकी घाटाच्या चढावर माझी जुनी पेट्रोल गाडी दोनदा अचानक बंद पडली आणि दहा मिनिटांनी, काही झालेच नाही अशा थाटात, पुन्हा सुरू झाली. त्याआधी दोन महिने मीच घरी बसून तिच्या इंजिनचे वायरिंग आवरले होते आणि बॉनेट उघडले की शेजारी थांबून बघत, इतके ते देखणे झाले होते. साताऱ्यातल्या ऑटो इलेक्ट्रिशियनने इंजिनच्या फिरत्या दांड्याची गती टिपणाऱ्या क्रँक सेन्सरची वायर चिमटीत धरून हलकेच ओढत नेली, तेव्हा एका ठिकाणी ती रबरासारखी ताणली गेली. वरचे आवरण शाबूत होते, आतली तांब्याची तार मात्र तुटलेली होती. थंड असताना तुटलेली टोके एकमेकांना टेकत आणि इंजिन तापून हादरू लागले की सुटत.

चूक माझ्या केबल टायची होती. इंजिन बॉडीला घट्ट आवळलेले नसते. ते रबरी माउंटिंगवर बसते आणि क्लच सोडताना किंवा चढावर जोर लावताना चांगलेच डुलते. मी मात्र वायर इंजिनपासून बॉडीपर्यंत सरळ रेषेत ताणून दोन्ही टोकांना करकचून बांधली होती. एक टाय इंजिनच्या बाजूला आणि दुसरा बॉडीच्या बाजूला ठेवून मध्ये सैल वळसा सोडावा, मग गाडी बंद असताना इंजिन दोन्ही हातांनी हलवून पाहावे. वळसा कुठेही ताठ होता कामा नये. इंधनाच्या किंवा ब्रेकच्या पाइपला आधार म्हणून वायर बांधणे हा तर निव्वळ आळस आहे आणि तो महागात पडतो.

असा दोष शोधताना मल्टिमीटरची बीप फसवते. वायरमधल्या सोळा बारीक तारांपैकी एकच तार शिल्लक असली तरी मीटर ती वायर चांगली असल्याचेच सांगतो, कारण मीटर तिच्यातून नगण्य प्रवाह सोडतो. त्यापेक्षा वायरच्या दोन्ही टोकांचे कपलर, म्हणजे जोडणीचे प्लग, काढून, फ्यूज लावलेल्या जोडणीने, तिच्यातून २१ वॅटचा इंडिकेटरचा बल्ब पेटवून पाहावा. त्यातून सुमारे पावणेदोन अँपिअर प्रवाह जातो आणि अर्धवट तुटलेल्या वायरवर बल्ब मंद पडतो किंवा वायर हलवताच लुकलुकतो. कपलर काढल्याशिवाय हा प्रयोग केला, तर बारा व्होल्ट थेट ईसीयूमध्ये, म्हणजे इंजिन चालवणाऱ्या संगणकात, जाण्याचा धोका असतो.

आता गुंफण्याविषयी. अनेक हौशी मंडळी वायरची चक्क तीन पेडांची वेणी घालतात. ती दिसते छान, पण वायर आखूड पडते, जुडगा जाड होतो आणि पुढे एक वायर बदलायची झाली तर सगळी वेणी सोडावी लागते. रेसिंगच्या गाड्यांमध्ये मधल्या एका वायरभोवती सहा आणि त्यांच्याभोवती बारा वायर, प्रत्येक थर आधीच्या थराच्या उलट दिशेने पीळ देत बसवतात. त्यामुळे जुडगा वाकला तरी एकाच वायरवर ताण येत नाही. घरच्या कामाला एवढा खटाटोप नको. वायर समांतर ठेवून लांब, हलका पीळ पुरतो. मात्र कारखान्यातूनच जोडीने पिळलेल्या कॅन बसच्या, म्हणजे गाडीतल्या संगणकांना एकमेकांशी जोडणाऱ्या, वायर सुट्या करून सरळ करू नयेत, कारण तो पीळ शोभेचा नसून विद्युत गोंगाट टाळण्यासाठी असतो.

वरून जाळीची स्लीव्ह चढवायची असेल, तर आणखी एक गंमत लक्षात ठेवावी: ती ढकलली की फुगते आणि ओढली की बारीक व लांब होते. जुडग्यावर चढवून फुगली की तिची लांबी घटते, म्हणून मोजून तेवढीच कापलेली स्लीव्ह हमखास तोकडी पडते, दीडपट घ्यावी. कात्रीने कापलेले टोक साडीच्या पदरासारखे उसवते, म्हणून ते गरम सोल्डरिंग आयर्नने वितळवून बंद करावे. कपलर काढायचा नसेल तर उभी चीर असलेली स्लीव्ह घ्यावी. काढणारच असाल तर आधी फोटो काढा आणि प्रत्येक पिनेला क्रमांकाची चिठ्ठी लावा; स्मरणशक्तीवर विसंबून मी एक अख्खा रविवार घालवला आहे.

दुकानात नुसती ‘टेप’ मागितली की चकचकीत पीव्हीसी टेप हाती पडते. इंजिनच्या उष्णतेत तिचा गोंद पाघळतो, टेप सरकते आणि पुढच्या माणसाच्या हाताला काळा चिकटा लागतो. हार्नेसची, म्हणजे वायरच्या जुडग्यासाठीची, कापडी टेप मागावी. एक्झॉस्टच्या जवळ तीही टिकत नाही. तिथून वायर दूरच न्यावी.

जोड देताना नुसता डाग मारला की सोल्डर तारांमध्ये वर चढते, तेवढा भाग ताठ होतो आणि हादऱ्याने त्याच्या कडेला वायर तुटते. योग्य मापाच्या टर्मिनलची क्रिम्पिंगच, म्हणजे त्याचे धातूचे पंख पक्कडीने दाबून बसवणेच, चांगली: एक पंख तांब्यावर, दुसरा आवरणावर. धुरातला ऑक्सिजन मोजणाऱ्या ऑक्सिजन सेन्सरच्या वायरला तर सोल्डर लावूच नये, कारण अनेक सेन्सरना तुलनेसाठी लागणारी बाहेरची हवा त्या वायरच्या तारांमधूनच मिळते.

महाबळेश्वरकडच्या पावसात गाडी फिरत असेल, तर कपलरच्या आधी वायर खाली वळवून मग वर न्यावी, म्हणजे पाणी वळशाच्या तळातून गळून जाते. वायरवर चढवलेल्या पन्हाळीदार पाइपची चीर खाली ठेवावी. ऊसतोड सुरू झाली की रानातले उंदीर बॉनेटखाली आसरा शोधतात. त्यांना प्लॅस्टिकची जाळी अडवत नाही, तेव्हा आठवड्याला एकदा बॉनेट उघडून बघणे भाग आहे. पिवळ्या कपलरच्या, म्हणजे एअरबॅगच्या, वायरिंगला घरी हातच लावू नये.

कामाला बसताना बॅटरीची निगेटिव्ह केबल आधी काढावी आणि शेवटी जोडावी. काम संपल्यावर अर्थिंग तपासावे: स्टार्टर फिरत असताना बॅटरीचा निगेटिव्ह खांब आणि इंजिन ब्लॉक यांच्यामध्ये अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त फरक दिसला, तर बॉडीवरचा रंग खरवडून अर्थिंगच्या वायरचा बोल्ट पुन्हा आवळावा. मग एखादा घाट चढून यावे आणि इंजिन थंड झाल्यावर स्लीव्हवरून बोट फिरवावे. जिथे ती गुळगुळीत, चकचकीत झाली असेल तिथे ती कशाला तरी घासते आहे, तेव्हा तिथला टाय कापून जागा बदलावी.