पावसाळ्यात जगाचा नकाशा आखायला बसणार असाल तर

दिवाळीच्या सुट्टीत सहा जणांनी टेबलाभोवती बसून घरी बनवलेल्या पटावर साम्राज्यं लढवायची असतील, तर नकाशाचं काम जूनमध्येच हाती घ्या. कोल्हापुरात पाऊस एकदा लागला की संध्याकाळी बाहेर पडायला निमित्त तसंही उरत नाही. गणपतीच्या आधी कच्चा नकाशा, नवरात्रात चाचणीचे डाव आणि त्यानंतर लगेच छपाई, असा हिशेब धरा. गणपतीत आणि दिवाळीच्या तोंडावर फ्लेक्सवाल्याकडे शुभेच्छांची रांग असते, तिथं तुमच्या जगाला कुणी विचारत नाही.

पहिली तयारी कागदाची नाही, सालाची. डाव कुठल्या वर्षी सुरू होतो हे ठरल्याशिवाय पेन्सिल उचलू नका. आमच्याकडे सहातल्या चौघांना दख्खनच हवी असते आणि त्यातही मराठे. पण 1500 साली डाव मांडला तर मराठ्यांचं राज्य पटावर नाही. शिवाजी महाराजांचा जन्मच 1630 चा. बरं, हौसेखातर 1650 धरलं तर बाकीचं जग बदलतं. चीनमधलं मिंग घराणं 1644 मध्ये गेलेलं असतं. होर्मुझचं बंदर 1622 मध्ये आणि मलाक्काचं 1641 मध्ये पोर्तुगीजांच्या हातून सुटलेलं असतं, म्हणजे पोर्तुगाल घेऊन बसणाऱ्याला सुरुवातीलाच अर्धी पडती बाजू. सुएझचा कालवा 1869 चा आणि पनामाचा 1914 चा, त्यामुळे 1500 धरा की 1650, आफ्रिकेला नाहीतर दक्षिण अमेरिकेला वळसा घातल्याशिवाय सुटका नाही. तरीही हाताच्या सवयीनं लोक तिथं निळी रेघ मारून मोकळे होतात. ठरलेलं साल नकाशाच्या कोपऱ्यात ठळक लिहा, वाद निम्मे तिथंच मिटतात. पुढचं सगळं मी 1500 धरून सांगतो, कारण त्या साली सगळे दरवाजे नुकते उघडत असतात आणि कुणीच अजून हरलेलं नसतं.

आता मूळ नकाशा. शाळेच्या भिंतीवरचा ट्रेस करायला घेऊ नका. तो बहुधा मर्केटरच्या पद्धतीचा असतो. मर्केटरनं 1569 मध्ये तो दर्यावर्दींसाठी काढला. होकायंत्राची एक दिशा धरून जायचं तर त्यावर सरळ रेघ मिळते, हे त्याचं काम. पण उत्तरेकडचं सगळं तो फुगवतो. ग्रीनलंड त्यात आफ्रिकेच्या तोडीस तोड दिसतं, आणि खरी आफ्रिका ग्रीनलंडच्या चौदापट आहे. अशा नकाशावर घरं आखली की सैबेरिया आणि कॅनडा फुकटात श्रीमंत होतात. नॅचरल अर्थ या संकेतस्थळावर जगाच्या नकाशाचा डेटा मोफत मिळतो, वापरायला कुणाची परवानगी लागत नाही. तो क्यूजीआयएस या नकाशांच्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये उघडा, क्षेत्रफळ नीट राखणारी मोलवाइडसारखी मांडणी निवडा आणि आजच्या देशांच्या सीमांचा थर सरळ बंद करून टाका. 1500 च्या डावात त्यांचं काही काम नाही, आणि भारताच्या सीमारेषेत चूक होऊन नसती भानगड मागे लागायची भीतीही जाते. नद्या, डोंगर, किनारे एवढंच ठेवा.

मग माप. सहा फुटी फ्लेक्स घेतला आणि षट्कोनी घर तीन सेंटिमीटरचं धरलं, तर आडवी साठ-एकसष्ट घरं बसतात. विषुववृत्ताचा घेर 40,075 किलोमीटर. म्हणजे एक घर झालं साधारण साडेसहाशे किलोमीटरचं. कोल्हापूर, मुंबई, पुणे, गोवा सगळे एकाच घरात. गगनबावड्याला कोसळणारा पाऊस आणि शिरोळचं कोरडं रान यातला फरक तर सोडूनच द्या. तिकडं युरोपची गत आणखी वाईट: आख्खा स्पेन दोन घरांत, इंग्लंड एका सोंगटीखाली गाडलेलं. आणि उलट पॅसिफिक महासागर, जो एकटाच पृथ्वीचा तिसरा हिस्सा व्यापतो, तिथं घरंच घरं आणि करायला काही नाही.

इथं लबाडी करावीच लागते, आणि ती कुठं करायची हे आधी ठरवून घ्या. माझं मत ठाम आहे: क्षेत्रफळात खुशाल खोटं बोला, वाटांत बोलू नका. युरोप, हिंदुस्थान, जपान दीडपट-दुप्पट करा. पॅसिफिक, सहारा, सैबेरिया आवळा. कुणाचं काही बिघडत नाही. पण कुणाला लागून कोण आहे, कुठून कुठं जाता येतं आणि कुठं अडतं, हे खऱ्या पृथ्वीचं हवं. जिब्राल्टरची सामुद्रधुनी जेमतेम 14 किलोमीटर रुंद, बॉस्फरस तर अरुंद जागी सातशे मीटरच्या आसपास. मापानं गेलात तर नकाशावर दोन्ही दिसणारसुद्धा नाहीत. तरी ती दिसलीच पाहिजेत, कारण उस्मानी बादशाहीचं निम्मं बळ बॉस्फरसच्या त्या एका फटीत आहे. होर्मुझ, बाब-अल-मंदेब, मलाक्का आणि सुंदा या सामुद्रधुन्यांची यादी वेगळ्या कागदावर करून ठेवा आणि नकाशा पुरा झाल्यावर एकेक टिक करत जा.

डोंगरांचंही तेच. नवखा माणूस डोंगराला आख्खं घर देतो आणि त्यात तपकिरी रंग भरतो. मग सह्याद्री साडेसहाशे किलोमीटर रुंद होतो! डोंगर घरात घालू नका, दोन घरांच्या मधल्या रेषेवर घाला. जाड रेघ म्हणजे ओलांडता येत नाही, रेघेत खाच म्हणजे घाट. आंबा, गगनबावडा, फोंडा, आंबोली या वाटांनी कोकणात उतरलेल्या माणसाला हे वेगळं समजवावं लागत नाही. 1660 मध्ये पन्हाळ्याहून विशाळगडाकडं जाताना बाजीप्रभूंनी घोडखिंड धरली, ती हीच खाच. खाचेत उभ्या असलेल्या एका सोंगटीला बाहेरून येणाऱ्या तीन सोंगट्या भारी पडू नयेत, एवढा नियम लिहिला की खैबर, आल्प्स, कॉकेशस सगळीकडं तोच चालतो.

बंदरं मांडताना प्रत्येक बंदरामागं आत जाणारी वाट काढलीत का, तेवढं तपासा. किनाऱ्यावर ठिपके देऊन थांबायचा मोह होतो. आपल्याच पंचगंगेच्या काठी ब्रह्मपुरीच्या टेकाडावर 1940 च्या दशकात उत्खनन झालं, त्यात रोमन जगातून आलेली पोसायडन या ग्रीक समुद्रदेवाची काशाची छोटी मूर्ती मिळाली. कोल्हापूर काही बंदर नव्हे. माल कोकणात उतरून घाट चढूनच आला असणार. तेव्हा दाभोळ किंवा चौल नुसतं किनाऱ्यावर ठेवून भागत नाही. जो घाट धरेल त्याला त्या बंदराच्या उत्पन्नातला वाटा मिळाला पाहिजे. या एका नियमानं किनाऱ्यावरचा आणि पठारावरचा खेळाडू एकमेकांशी बोलायला लागतात. भांडायलाही.

समुद्राची घरं जमिनीसारखी मांडू नका. समुद्राचे मोठे पट्टे करा आणि पट्ट्यांवर वाऱ्याचे बाण काढा. अरबी समुद्रात नैर्ऋत्य मान्सून जोरात असताना आपला किनारा बंद. तो ओसरायला लागला की पश्चिमेकडची गलबतं येतात आणि हिवाळ्यातल्या उलट्या वाऱ्यावर परत जातात. म्हणून एका फेरीचे दोन भाग पाडा, पावसाळी आणि उघडीप, मग त्या फेरीत इतिहासातली कितीही वर्षं जावोत. पॅसिफिकमध्ये मेक्सिकोहून फिलिपिन्सला जायची वाट सोपी होती, परतीची सापडत नव्हती. उर्दानेता या स्पॅनिश दर्यावर्द्यानं 1565 मध्ये उत्तरेकडून वळसा घालून ती काढली. पटावर जाताना एक फेरी, येताना दोन. कागद जिथं कापला जातो ती कड बहुतेक वेळा याच समुद्रात येते, तेव्हा डाव्या-उजव्या कडेला क, ख, ग अशी जोडीची अक्षरं टाका, म्हणजे उजवीकडून गेलेलं जहाज डावीकडं कुठं उगवतं यावर भांडण नको.

सगळ्यात जास्त वेळ साधनसंपत्तीला ठेवा, कारण खरा तोल तिथं आहे. अर्थतज्ज्ञ अँगस मॅडिसनच्या अंदाजाप्रमाणे 1500 साली जगाची लोकसंख्या सुमारे 44 कोटी होती, त्यात हिंदुस्थान 11 आणि चीन 10 कोटींच्या वर. प्रामाणिकपणे माणसं वाटलीत तर डाव सुरू व्हायच्या आधीच संपला. आणि कृत्रिमपणे सगळ्यांना सारखं दिलंत तर तो इतिहासाचा डाव राहत नाही, सापशिडी होते. उपाय असा की ज्याच्याकडं जे भरपूर आहे ते राहू द्या, पण त्याला जे बाहेरून आणावं लागत होतं तेही खरंखुरं लावा. दख्खनकडं माणसं आणि पैसा आहे, पण चांगला घोडा नाही. तो अरबस्तान-इराणातून गोवा, भटकळ अशा बंदरांत यायचा. 1510 मध्ये पोर्तुगीजांनी गोवा घेतला, तेव्हा या व्यापाराची चावीच त्यांच्या हातात गेली. म्हणजे पोर्तुगालकडं माणसं मूठभर, पण विजयनगर आणि विजापूर दोघंही त्याच्या दारात उभे. चीनकडं सगळं आहे, चांदी अपुरी. ती जपानमधून, आणि दक्षिण अमेरिकेतली पोतोसीची खाण 1545 मध्ये लागल्यावर तिथून येणार. मिरी मलबारात, लवंग आजच्या इंडोनेशियातल्या मोलुक्का बेटांत, जायफळ तिथल्याच बांदा बेटांत. ही ठिकाणं हलवू नका. मोलुक्का नकाशावर कण्यांएवढी दिसतात म्हणून लवंग जावामध्ये टाकलेला नकाशा मी पाहिला आहे. त्या डावात पूर्वेकडं कुणी फिरकलंच नाही.

पिकं टाकताना साल पुन्हा एकदा बघा. कॅरिबियन बेटांवर ऊस भरभरून लावू नका. कोलंबसानं तो 1493 च्या फेरीत तिकडं नेला, मळे नंतरचे. आणि दख्खनच्या घरात मिरची काढायची नाही. ती अमेरिकेची, पोर्तुगीजांच्या मागून आली. 1500 च्या कोल्हापुरात तांबडा रस्सा नव्हता हे ऐकून आमच्यातला एकजण नकाशावरच रुसला होता.

अमेरिकेत खेळाडू बसवायचा की नाही, यावर मतभेद आहेत. मी बसवत नाही. घोडा नाही, लोखंड नाही, देवीच्या साथीला अंगात प्रतिकार नाही. अ‍ॅझ्टेकांची राजधानी तेनोच्तित्लान 1521 मध्ये पडली, इंकांचा राजा 1532 मध्ये पकडला गेला. एखाद्या दोस्ताला हरायलाच खुर्ची द्यायची, हे काही बरं नाही. त्याऐवजी तिथं कुणाच्याच नसलेल्या भक्कम फौजा ठेवा, म्हणजे येणाऱ्यालाही फुकट काही मिळत नाही. 1400 ला डाव सुरू करणार असाल तर गोष्ट वेगळी, तेव्हा जरूर बसवा.

एवढं झालं की एक्सेल उघडा. प्रत्येक राजधानीपासून तीन चालींत पोहोचता येईल अशी घरं मोजा आणि त्यांतलं धान्य, माणसं, पैसा यांची बेरीज करा. शेजारच्या रकान्यात शत्रू किती दिशांनी येऊ शकतो ते लिहा. बेरजांत दहा टक्क्यांच्या आसपास फरक असला तर ठीक, पण दिशांचा रकाना विसरू नका. रिस्क या बाजारात मिळणाऱ्या खेळाच्या पटावर 42 प्रदेश आहेत आणि ऑस्ट्रेलियात शिरायला एकच दार, म्हणून जो तो आधी तिकडं पळतो. ज्याची पाठ समुद्राला टेकलेली आहे त्याचं उत्पन्न थोडं कमी ठेवा. चारी बाजूंनी उघड्या असलेल्या इराणला किंवा उस्मानींना थोडं जास्त द्या.

चाचणीचे डाव ए-फोर कागद चिकटवून, काळ्या-पांढऱ्या प्रिंटवरच खेळा. रंगीत केलं की खोडायला जीव होत नाही. दर डावाला जागा बदला, आणि गटातल्या सगळ्यात बेरकी खेळाडूला मुद्दाम कमकुवत कोपरा द्या. तो तिथूनही जिंकत असेल तर कोपरा ठीक आहे. एकच देश वारंवार वर येत असेल तर आधी त्याच्या वाटा बघा, एखादी खाच बंद करून किंवा उघडून डाव पुन्हा लावा. उत्पन्नाला हात सगळ्यात शेवटी. आणि एका वेळी एकच बदल, नाहीतर कशानं काय झालं ते कळत नाही.

छपाईला जाताना फाइल कर्व्ह करून, म्हणजे अक्षरांचं चित्रात रूपांतर करून न्या. युनिकोडमध्ये टाइप केलेलं होर्मुझ आणि तेनोच्तित्लान दुकानातल्या मशिनवर उघडलं की जोडाक्षरं फुटतात, रफार भलत्याच अक्षरावर जाऊन बसतो. नावं तीन मिलिमीटरपेक्षा बारीक नकोत. चकाकता फ्लेक्स ट्यूबलाइटखाली डोळ्यांवर येतो, मॅट मागा. सोंगट्या उद्यमनगरात लेझरवर लाकडी किंवा अॅक्रिलिकच्या कापून मिळतात. दर खेळाडूला लागतील त्यापेक्षा चार जास्त घ्या, कारण पलंगाखाली जातातच. घर तीन सेंटिमीटरचं असेल तर सोंगटी दीडच्या वर नको, एका घरात दोन उभ्या करायची वेळ येते. आणि नकाशाच्या कोपऱ्यात, डावाच्या सालाखाली, छापल्याची तारीख टाका. पुढच्या वर्षी दोन नकाशे शेजारी पडले की कुठला नवा, हे तेवढ्यावरूनच कळतं.